मुलांकडून रोजच्या वस्तू तपासून गट पाडून घ्यायचे आहेत: वस्तू कोणत्या, चाचण्या कोणत्या, क्रम काय?

खाजणकाठ

देवगड तालुक्यातल्या एका वाचनालयाच्या पडवीत शनिवारी मुलांचे तास होतात. तिसरी ते पाचवीची २४ मुलं, चार शनिवार, दर वेळी एक तास. विषय ठरला आहे: वस्तू कशाची बनली आहे ते हाताळून आणि तपासून बघायचं, मग गुणधर्मांवरून गट पाडायचे. सहावीच्या विज्ञानात कठीणपणा, ठिसूळपणा, स्थितिस्थापकता, विद्राव्यता ही नावं येतातच. त्याआधी हाताला त्यांची ओळख व्हावी, एवढाच हेतू.

विकतचा संच नको असं माझं ठाम मत आहे. संचातल्या पट्ट्यांवर तांबं, ॲल्युमिनियम, रबर अशी नावं छापलेली असतात. मूल नाव वाचतं आणि आठवलेलं उत्तर देतं, तपासत काहीच नाही. आपल्याकडे करवंटी, सोडण (नारळाचं वरचं तंतुमय साल), सुंभ (काथ्याची दोरी), पोफळीची विरी (सुपारीच्या झावळीचा रुंद, पातळ देठ), जांभ्याचे तुकडे, शिंपले, जाळ्याचे तुकडे असं सगळं दाराशी पडलेलं असतं.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत.
१. १५-२० वस्तूंचा संच कसा असावा?
२. कोणती चाचणी आधी, कोणती नंतर?
३. ज्यांचं उत्तर सरळ येत नाही अशा वस्तू (काही स्टीलला चुंबक चिकटतं, काहींना नाही) घ्याव्या की वगळाव्या?

आणि हे सगळं श्रावणात आहे, म्हणजे हवा ओलीकिच्च.

पुळणवाट

पहिल्या तासाला एकही चाचणी नको. चौघांचा एक याप्रमाणे सहा गट करा, प्रत्येक गटासमोर तीच वस्तुसामग्री ठेवा आणि 'हवे तसे ढीग करा' एवढंच सांगा. मुलं रंगावरून करतील, आकारावरून करतील, 'आईच्या कामाचं', 'समुद्रावरचं' असेही करतील. यातलं काहीही चुकीचं नाही. प्रत्येक ढिगाचं नाव मुलांच्याच शब्दांत फळ्यावर लिहा. मग एकच प्रश्न विचारा: डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या माणसाला यातले कोणते ढीग पुन्हा तसेच लावता येतील? रंगाचे ढीग तिथेच गळतात. खरखरीत, जड, वाकणारं, थंड लागणारं हे उरतं. गुणधर्म म्हणजे काय ते मुलांना इथे कळतं, व्याख्या सांगावी लागत नाही.

वस्तूंवर नाव लिहू नका, नुसता आकडा चिकटवा. 'स्टीलचा चमचा' अशी चिठ्ठी लावली की विकतच्या संचासारखंच होतं.

माझी यादी: करवंटीचा तुकडा, अख्खी अर्धी करवंटी, सोडणाचा पुंजका, सुंभाचा वीतभर तुकडा, विरीची पट्टी, जांभा, काळा दगड, शिंपला, समुद्रफेस (माकुलाच्या अंगातलं पांढरं, हलकं हाड), पितळी किल्ली, लोखंडी खिळा, दोन तऱ्हेचे स्टीलचे चमचे, ॲल्युमिनियमची वाटी, काचेची गोटी, बाटली आणि तिचं झाकण (दोन वेगळ्या वस्तू म्हणून), रबरी चपलेचा तुकडा, धुतलेलं सुती फडकं, दोन्ही टोकांना तासलेली पेन्सिल.

जांभादगड

यादी छान आहे. करवंटी दोन रूपांत ठेवली हे तर फारच बरं झालं. सगळा विषय तिथेच आहे. अर्धी करवंटी पाण्यात ठेवली तर वाटीसारखी तरंगते. तिचाच रुपयाएवढा तुकडा, वरचे धागे काचेने किंवा पातीने (मोठ्यांनी) खरवडून टाकलेला, पाण्यात सोडला तर बुडतो. तरंगणं वस्तूच्या आकारामुळे आहे की ती ज्याची बनली त्या पदार्थामुळे, हा फरक मुलांना एकदा दिसला की बाकीच्या चाचण्यांना अर्थ येतो. स्टीलची वाटी तरंगते आणि चमचा बुडतो, हेही त्याच जातीचं.

त्यामुळे 'तरंगतं का' बघताना नियम एकच: भरीव तुकडा, पूर्ण पाण्याखाली धरून सोडायचा. पाण्यावर अलगद ठेवायचा नाही, कारण हलक्या वस्तूला पाण्याचा पृष्ठताणही वर धरून ठेवतो. सुई, ब्लेड, विरीची पातळ पट्टी, सगळ्यांचं असंच होतं.

आगळवाटी

ह्या बरा सांगितलास. करवंटीचो तुकडो बुडता ह्या पोरांका आधी पटणाच नाय. पैज लावूक देवा, मगे बघा कशी वाकान वाकान बघतत.

सुंभदोरी

तिसऱ्या प्रश्नावर माझं मत वेगळं आहे. तिसरीच्या मुलांपुढे पहिल्याच फटक्यात गोंधळाच्या वस्तू ठेवू नयेत. नियम तयार होण्याआधीच अपवाद आला तर मूल 'कधी असं, कधी तसं' एवढंच घेऊन घरी जातं. आधी चुंबकाला खिळा, सेफ्टी पिन, पत्र्याचा डबा चिकटतो आणि तांब्याचं भांडं, पितळी किल्ली, ॲल्युमिनियमची वाटी चिकटत नाही, एवढं पक्कं होऊ द्या. सगळे धातू चिकटत नाहीत, हीच त्यांच्यासाठी पुरेशी मोठी बातमी असते.

जांभादगड

सुंभदोरी, क्रमाबद्दल मान्य, वगळण्याबद्दल नाही. दुसऱ्या तासाला नियम, तिसऱ्या तासाला तो नियम मोडणाऱ्या वस्तू. त्या आल्याच नाहीत तर मुलांना वाटतं, रंगरूप बघून ओळखता येतं, तपासायची गरज काय.

स्टीलचं कारण सोपं आहे. क्रोमियमबरोबर पुरेसं निकेल घातलेलं स्टील, म्हणजे भांडीवाले ३०४ म्हणतात ते, चुंबकाला चिकटत नाही. निकेल जवळजवळ नसलेलं ४३० चिकटतं. स्वस्त चमचे, ताटं बऱ्याचदा दुसऱ्या जातीची असतात. शिवाय ३०४ ची वाटी दाबून घडवली की वळलेल्या काठापाशी चुंबक किंचित ओढलं जातं आणि तळाशी अजिबात नाही. म्हणून प्रत्येक वस्तू तीन जागी तपासायची: काठ, मधे, तळ.

त्याहून फसवी वस्तू म्हणजे पितळेसारखे दिसणारे हुक, कड्या, बिजागऱ्या. आत लोखंड, वर पितळी मुलामा. पिवळं म्हणजे पितळ, असं म्हणणाऱ्या मुलाच्या हातात एक द्या आणि चुंबक द्या.

माडाचीझाप

नाण्यांची भर घाला, फुकटात मिळतात. आत्ताची १ आणि २ रुपयांची नाणी चुंबकाला चिकटतात, ती पोलादाची आहेत. २ रुपयांचं जुनं अकरा बाजूंचं नाणं तांबं-निकेलचं, ते चिकटत नाही. जुनं २० पैशांचं षटकोनी मिळालं तर ॲल्युमिनियमचं, तेही नाही आणि हातात घेतल्यावर इतकं हलकं की मुलं खोटं समजतात.

चुंबक भंगारवाल्याकडे फुटक्या स्पीकरमधलं मागा. काळं, कड्यासारखं, पुरेसं जोरदार आणि गिळता न येण्याएवढं मोठं. ते छोटे चकचकीत निओडिमियमचे मणी लहान मुलांच्या हातात मुळीच देऊ नका. दोन गिळले गेले तर आतड्याच्या भिंती मधे पकडून एकमेकांना चिकटतात आणि शस्त्रक्रियेची वेळ येते.

वेळवस

चुंबक आहेच तर वाळू विसरू नका. रत्नागिरीकडे काळबादेवी, मालगुंडच्या पुळणीवर (समुद्रकाठच्या वाळूत) काळ्या वाळूचे पट्टे दिसतात. त्यात इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट ही लोह असलेली काळी खनिजं असतात. मूठभर वाळू आधी कढईत किंवा उन्हात अगदी कोरडी करा, ओली वाळू गोळा होऊन चिकटते आणि काही वेगळं होत नाही. कागदावर पातळ पसरा. चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वाळूच्या अर्धा सेंटिमीटर वरून फिरवा. काळे कण पिशवीला लागतील. दुसऱ्या कागदावर नेऊन पिशवीतून चुंबक बाहेर काढा, कण खाली पडतात. पिशवीशिवाय केलं तर ते कण चुंबकावरून सुटता सुटत नाहीत.

स्पीकरच्या चुंबकाला मुख्यतः मॅग्नेटाइट येतं. इल्मेनाइट त्या मानाने दुबळं ओढलं जातं, म्हणून बरीच काळी वाळू मागेच राहते. 'काळी ती सगळी चिकटणारी' हा अंदाजही पडतो.

आगळवाटी

चुंबकानंतर विजेची चाचणी घ्याल ना? तिच्यात पडवीतली ओल घोळ घालील.

पुळणवाट

घोळ कोणता दिवा घेता त्यावर आहे. लहानांसाठी: १.५ व्होल्टचे दोन पेन्सिल सेल, पांढरा ५ मिलिमीटरचा एलईडी, ३० सेंटिमीटरच्या दोन वायरी, टोकांना मगरचिमटे. ३ व्होल्टवर पांढरा एलईडी रोधकाशिवाय (विजेचा प्रवाह कमी करणाऱ्या भागाशिवाय) चालतो. एलईडीचा लांब पाय सेलच्या धन टोकाकडे, उलटा लावला तर पेटत नाही. जोडणी ओलसर लाकूड, दमट दोरी यांना दाद देत नाही, त्यामुळे श्रावणातही दोनच गट पडतात: पेटला, नाही पेटला.

मोठ्यांसाठी: ९ व्होल्टची बॅटरी, लाल एलईडी, ४७० ओहमचा रोधक (तो हवाच, नाहीतर एलईडी जातो). याच्यात मिठाच्या पाण्यात दिवा लागतो, समुद्राच्या पाण्यात भिजलेल्या सुंभावर अंधारात मिणमिणतो आणि तोच सुंभ धुऊन वाळवला की विझतो. वाहक आणि अवाहक यांच्या मधे पायऱ्या आहेत हे मुलांना इथे दिसतं.

कुठे बिघडतं ते सांगून ठेवते. सेल उतरले की पांढरा एलईडी आधी मंदावतो आणि चांगला वाहकही नापास होतो. म्हणून प्रत्येक वस्तूआधी दोन्ही चिमटे एकमेकांना लावून दिवा पेटतो ना ते बघायचं. गंजलेला खिळा पेटवत नाही, चिंचेच्या कोळाने किंवा पॉलिश पेपरने घासल्यावर पेटवतो. जुन्या पंख्याच्या वेटोळ्याची तांब्याची तार पेटवत नाही, कारण तिच्यावर न दिसणारा लाखेसारखा थर असतो, तो खरवडावा लागतो. पेन्सिलच्या दोन्ही टोकांना शिशाला चिमटे लावले तर पेटतो. ग्राफाइट धातू नाही, तरी वाहक. गटाला 'धातू' असं नाव दिलेल्यांना ते बदलून 'वीज वाहणारे' करावं लागतं.

घरातल्या प्लगला यातलं काहीही लावायचं नाही, हे पहिल्याच मिनिटाला आणि मोठ्याने सांगा.

खाजणकाठ

पुळणवाटताई, हे फार उपयोगी. दोन दिव्यांची कल्पना घेतेच. कठीणपणाचं कसं करावं? ओरखड्याची चाचणी मुलांना आवडते, पण निकाल प्रत्येक गटाचा वेगळा येतो.

जांभादगड

वेगळा येतो कारण मुलं ओरखडा आणि उमटलेली भुकटी यांत फरक करत नाहीत. पितळी किल्ली काळ्या दगडावर घासली तर दगडावर पिवळी रेघ दिसते. मुलं म्हणतात, दगडावर ओरखडा पडला. खरं तर किल्लीच झिजली. ओल्या बोटाने पुसायचं: रेघ गेली तर भुकटी, राहिली आणि नखाला खाच लागली तर ओरखडा.

तीन साधनं पुरे: बोटाचं नख, पितळी किल्ली, लोखंडी खिळा. १८१२ मध्ये फ्रिडरिश मोज याने खनिजांचा कठीणपणा १ ते १० असा लावला. त्या मापाने नख साधारण २.५, पितळ ३ च्या आसपास, खिळा ५ च्या आसपास, काच ५.५, आणि पांढऱ्या वाळूतला क्वार्ट्झ ७. मुलांना आकडे नकोत. 'नखाने निघतं, किल्लीने निघतं, खिळ्याने निघतं, कशानेच नाही' अशा चार रांगा करा. गोटीवर ओली वाळू चोळून बघितली की तिची चमक जाते, म्हणजे वाळू काचेहून कठीण.

जांभा मात्र या रांगेत बसवू नका. तो कणाकणांचा, भोकाभोकांचा दगड आहे. खिळ्याने ओरबाडला की कण सुटून येतात, म्हणून मऊ वाटतो. कण कठीण असतात, त्यांना धरून ठेवणारा दुवा कच्चा असतो. 'ठिसूळ, भुगा पडणारा' असा त्याचा वेगळा रकाना करा.

वेळवस

समुद्रफेसाचंही तेच. शिंपला आणि समुद्रफेस दोन्ही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. शिंपल्यावर नख चालत नाही, समुद्रफेसात नख रुततं. शिंपला बुडतो, समुद्रफेस तरंगतो, कारण आत वायूने भरलेले पातळ कप्पे असतात. त्याची बारीक भुकटी करून भांडंभर पाण्यात ढवळली की हळूहळू तळाशी बसते. दोन्हींवर व्हिनेगरचे दोन थेंब टाकले की दोन्ही फसफसतात. दोन चाचण्यांत वेगळ्या गटात गेलेल्या वस्तू तिसऱ्या चाचणीत एकत्र येतात, हे मुलांना बघायला मिळालंच पाहिजे.

सुंभदोरी

व्हिनेगरचं तपशिलात सांगा ना. शिंपल्यावर थेंब टाकून काहीच न होण्याची तक्रार बऱ्याच जणांकडून येते.

वेळवस

शिंपल्याला बाहेरून तपकिरी साल असते, ती आम्लाला आत जाऊ देत नाही. खिळ्याने थोडी खरवडा किंवा आतल्या बाजूवर थेंब टाका. कुटून भुकटी केली तर सगळ्यात लवकर. बुडबुडे बारीक असतात, भिंग हवं. लिंबाचा रसही चालतो. आगळ (कोकमाचा घट्ट रस) नको, रंगाने बुडबुडे दिसत नाहीत.

जांभा आणि काळा दगड फसफसत नाहीत. बांधकामावरून आणलेला जांभ्याचा तुकडा फसफसला तर त्यावर चुना किंवा सिमेंट लागलेलं असतं. ताजी फोड घ्या. चाचणी करताना पाणी जवळ असू द्या, डोळ्यांत गेलं तर लगेच धुवायला.

करंजवेल

इतक्या लांब चर्चेत आंबा आलाच नाही! त्याचं वर्गीकरण आपल्याकडची पोरं पाळण्यात शिकतात: एकीकडे हापूस, दुसरीकडे बाकी सगळे.

आगळवाटी

करंजवेल, आंबा आणूया, पण सावंतवाडीचा लाकडी. रंगवलेल्या खेळण्यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो मण्यासारखा उभा राहतो, मुलं लिहितात 'लाकूड पाणी शोषत नाही'. ती चाचणी रंगाची झाली. म्हणून रंगवलेल्या वस्तूच्या जोडीला त्याच प्रकारचा कोरा लाकडाचा तुकडा ठेवा. तेल लावलेलं लाटणं, मेणकागद, मुलामा दिलेली कडी, सगळ्यांना हाच नियम: वरचा थर तपासला की आतला पदार्थ, ते वहीत लिहायचं.

माडाचीझाप

शोषणाची चाचणी कापडावर सगळ्यात स्वच्छ दिसते. २ सेंटिमीटर रुंद, १५ सेंटिमीटर लांब पट्ट्या: सुती पंचा, नायलॉन, गोणपाट, रेनकोटचं कापड, वर्तमानपत्र. काठीला कपड्याच्या चिमट्यांनी लावून टोकं १ सेंटिमीटर रंगीत पाण्यात बुडवा, पाच मिनिटांनी पाणी किती चढलं ते पट्टीने मोजा. नवं सुती कापड आणलंत तर पाणी चढणार नाही, त्याला खळ असते. दोनदा साबणाने धुऊन वाळवलेलंच घ्या.

दगडांसाठी सुपारीएवढे तुकडे आधी चुलीजवळ किंवा मंद तव्यावर तासभर कोरडे करून निववा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला, अर्धा तास पाण्यात ठेवा, पुसून परत तोला. जांभ्यातून पाण्यात घालताच बुडबुड्यांच्या माळा निघतात. काळ्या दगडाचं वजन जवळजवळ तेवढंच राहतं. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जांभ्याच्या भिंतीवर ओल का चढते, हे मुलं इथे आपणहून विचारतात.

सुंभदोरी

उष्णतेची चाचणी इकडे करताना एक गोष्ट सांभाळा. पुस्तकात गरम पाण्यात उभ्या केलेल्या चमच्याला तुपाने वाटाणा चिकटवायला सांगतात. आपल्याकडे तूप बऱ्याचदा आधीच पातळ असतं आणि खोबरेल तर २४-२५ अंशांखाली गेल्याशिवाय गोठतच नाही. मेणबत्तीचं मेण थोडं खोबरेल घालून मऊ करून घ्या. चमचे सारख्या लांबीचे, वाटाणा पाण्यापासून ५ सेंटिमीटरवर. भांड्यावर पुठ्ठ्याचं झाकण, त्याला खाचा पाडून चमचे त्यातून वर काढायचे. झाकण नसेल तर वाफेनेच मेण वितळतं आणि लाकडी चमच्याचा वाटाणाही पडतो. पाणी मोठ्यांनी ओतायचं.

ॲल्युमिनियमचा वाटाणा आधी पडतो, पितळेचा मागोमाग, स्टीलचा बराच उशिरा. स्टील हा धातूंमध्ये कमी उष्णतावाहक आहे, म्हणून तर तांब्याचा तळ लावलेली पातेली विकतात.

पुळणवाट

बाटली आणि झाकण वेगळं का ठेवायचं ते आता सांगते. दोन्ही प्लॅस्टिक, पण बाटलीचा तुकडा बुडतो आणि झाकण तरंगतं. बाटली पीईटी नावाच्या प्लॅस्टिकची, घनता १.३८ च्या आसपास (पाण्याची १). झाकण पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनचं, पाण्याहून हलकं.

पाचवीच्या मुलांना तीन भांडी द्या: गोडं पाणी, लिटरभर पाण्यात १५० ग्रॅम मीठ, आणि लिटरभर पाण्यात ३५० ग्रॅम मीठ (याहून फारसं विरघळत नाही). झाकण, दुधाची पिशवी, मच्छीमारांची पॉलिप्रॉपिलीनची दोरी पहिल्यातच तरंगतात. जुन्या सीडीच्या पारदर्शक डबीचा तुकडा पहिल्यात बुडतो, दुसऱ्यात वर येतो. जाळ्याचं नायलॉन दुसऱ्यातही बुडतं, तिसऱ्यात वर येतं. बाटली तिसऱ्यातही तळाशी. एकाच 'प्लॅस्टिक' ढिगाचे चार गट होतात. जाळं बुडावं आणि दोरी वर राहावी हे मासेमारीत का हवं असतं, ते मुलं घरूनच सांगतील.

तुकडे नखाएवढे, प्रत्येक भांड्यात साबणाचा एक थेंब आणि बोटाने चोळून बुडबुडे काढणं आवश्यक. जाळ्याच्या गाठीत हवा अडकते, म्हणून गाठ नसलेला धागा घ्या. स्वस्त खुर्चीच्या प्लॅस्टिकमध्ये खडूसारखी भुकटी मिसळलेली असते, ते अपेक्षेविरुद्ध बुडू शकतं. जाळून ओळखण्याची रीत मुलांसमोर करूच नका.

जांभादगड

वगळायच्या वस्तूही नोंदवून ठेवा. कच्च्या काजूबीचं टरफल नको, त्याच्या तेलाने कातडी भाजते आणि फोड येतात. भाजलेल्या बीच्या टरफलातही तेल उरतं. जाळ्याचे शिशाचे गोळे नकोत, शिसं विषारी. पावसाळ्यात पुळणीवर येणारे डांबराचे गोळे नकोत (पायाला लागलेच तर खोबरेलाने पुसा, रॉकेलने नाही). काचेचे तुकडे, ट्यूब, सुया, औषधाच्या बाटल्या नकोत. आणि चव घेऊन कोणतीही वस्तू तपासायची नाही, मीठ आणि साखरसुद्धा.

खाजणकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. क्रम असा लावला आहे:

पहिला शनिवार: मोकळे ढीग, डोळ्यांवर पट्टी, मुलांच्या शब्दांतले गुणधर्म.
दुसरा: चुंबक आणि पाणी, सोप्या वस्तूंवर. आधी अंदाज, मग चाचणी.
तिसरा: नियम मोडणाऱ्या वस्तू. दोन स्टील, मुलाम्याची कडी, करवंटी, समुद्रफेस, पेन्सिल. पांढऱ्या एलईडीची जोडणी आणि व्हिनेगर.
चौथा: कापड, दगड आणि शेवटचे गट. पाचवीला मिठाची तीन भांडी.

ओरखडा तिसऱ्यात बसवते, उष्णता राहून जाईल. शेवटचे गट कागदावर लिहून घ्यावे की जमिनीवर मांडून?

पुळणवाट

जमिनीवर. सुंभाची दोन मोठी वर्तुळं करा, एकमेकांवर थोडी चढलेली. एक 'वीज वाहतं', दुसरं 'चुंबकाला चिकटतं'. खिळा मधल्या भागात, ॲल्युमिनियमची वाटी आणि पेन्सिल पहिल्याच्या उरलेल्या भागात. दुसऱ्याच्या उरलेल्या भागात काय येईल असं विचारा. मुलं जागा रिकामी ठेवतील, तेव्हा चुंबक हातात द्या आणि ते स्वतः 'वीज वाहतं' मध्ये बसतं का ते तपासायला सांगा. स्पीकरचं काळं चुंबक पांढरा एलईडी पेटवत नाही. आणि वर्तुळांच्या बाहेरची जागाही गटच आहे, करवंटी, शिंपला, सुंभ तिथे ठेवायचे, हे सांगावं लागतं. नाहीतर मुलं त्या वस्तू पिशवीत परत भरून टाकतात.

सुंभदोरी

तिसरीच्या मुलांना एक वर्तुळ पुरे, आत आणि बाहेर. चौथी-पाचवीला दोन. प्रत्येक वस्तू ठेवताना 'कारण' ने सुरू होणारं एक वाक्य म्हणायला लावा: 'हे इथे, कारण दिवा पेटला.' 'कारण लोखंड आहे' असं म्हटलं तर वस्तू परत हातात द्यायची आणि पुन्हा तपासायला लावायची.

माडाचीझाप

खाजणकाठताई, चौथ्या शनिवारी प्रत्येक गटाला यादीत नसलेली एक वस्तू द्या, आकडाही न लावलेली. जुन्या छत्रीची काडी, नारळाच्या झाडाचा पिसवा (झावळीच्या बुडाशी असतं ते जाळीदार, कापडासारखं आवरण), टूथपेस्टची नळी, फुटक्या कौलाचा गुळगुळीत केलेला तुकडा. कोणत्या तीन चाचण्या करायच्या ते गटाने आधी ठरवायचं आणि मगच साहित्य मागायचं. कौलाला चुंबक मागणारा गट आणि पाणी मागणारा गट, दोघांनाही द्या.

आगळवाटी

आणि व्हिनेगर झाल्यावर चमचे, किल्ल्या लगेच धुऊन पुसून ठेवा, खारी हवा आधीच आहे. चुंबकाला लोखंडाची पट्टी लावून सुक्या डब्यात, सेल काढून वेगळे. पुढच्या श्रावणात सगळं परत लागेल.